घडीची होडी

होडी घ्यायचं मनात आलेल्या शहरी माणसाला पहिला प्रश्न पाण्याचा पडत नाही, माळ्याचा पडतो. पाण्याला काय तोटा? पवना आहे, मुळशी आहे, तापोळ्याला कोयनेचा शिवसागर डोंगरांच्या बेचक्यांतून वाट काढत पसरला आहे आणि भंडारदरा तर आहेच. माळा मात्र घराला एकच असतो आणि तो कधीच भरून गेलेला असतो. गणपतीचं मखर, पाहुण्यांच्या गाद्या, मुलगी परदेशी गेल्यापासून न उघडलेलं तिच्या पुस्तकांचं खोकं आणि कशाचा आहे हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे टाकायचं धाडस कुणी करत नाही असा एक पितळी भाग. या जुन्या मंडळींना जरा जरा सरकायला सांगून मधे एक होडी बसवायची, अशी ही योजना. बायकोने स्टुलावर चढून टेप लावली आणि निकाल दिला, "पावणेतीन फूट. एवढ्यात मावेल ती आण." मनूने नाव बांधली तेव्हा त्याला प्रलयाचा अंदाज घ्यावा लागला असेल. आम्हाला मखराचा घ्यावा लागला.

मुळात होडी कशाला, असं नातेवाइकांनी विचारून पाहिलं. आजारी माणसाला विचारतात त्या सुरात. उत्तर सोपं नव्हतं. हिवाळ्यात आम्ही दोघं तंबू घेऊन धरणांच्या काठी जातो. तंबू उभा राहिला, चहा झाला, की पुढचा कार्यक्रम पाण्याकडे पाहत बसण्याचा. हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उद्योग आहे. घाटाच्या पायरीवर बसून पाहायचं, पुलाच्या कठड्याला टेकून पाहायचं, धरणाच्या भिंतीवरून शिट्टी वाजेपर्यंत पाहायचं. पाण्यात उतरायचं म्हटलं की 'पाणी खोल आहे' असं बजावणारा सरकारी फलक उभाच असतो आणि तो खोटं बोलत नाही. तरुणपणी काठ पुरतो, कारण तेव्हा काठावर बोलायलाच पुष्कळ असतं. पुढे बोलणं कमी होतं आणि नजर लांब जाऊ लागते. संध्याकाळी पलीकडच्या काठावर एक दिवा लागतो आणि वाटतं, तिथून आपला तंबू कसा दिसत असेल? होडी हवी होती ती एवढ्यासाठी. पलीकडे जाऊन करायचं काहीच नव्हतं. फक्त तिथून इकडे पाहायचं होतं.

साधी, अखंड कयाक दहा-बारा फुटांची असते. ती गाडीच्या टपावर बांधून नेता येते, पण उरलेलं वर्षभर ठेवायची कुठे? आमच्या लिफ्टमध्ये शिडीसुद्धा तिरकी घालावी लागते. तेव्हा सोबत नेण्याजोगी, घडीची किंवा फुगवायची, असं ठरलं. या विषयातला आमचा जाणकार म्हणजे भाचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, आधी हे ठरव. तुला होडी हवी आहे की बॅग?" मी हसलो, पण तो हसला नाही. अशी कयाक वर्षातले मोजके दिवस होडी असते आणि बाकीचे सगळे दिवस सामान असते. म्हणजे ती पाण्यावर कशी वागते याच्याइतकंच ती घरात कशी वागते हेही पाहायला हवं. आपल्याकडे स्थळं याच बेताने पाहत असत. मुलगा तलवारबाजीत निपुण आहे का, हे कुणी विचारत नसे. घरात आरडाओरडा करतो का, एवढं हळूच काढून घेत.

त्या दृष्टीने पाहू गेलं तर पहिलं घराणं हवेच्या कयाकचं. भंडारदऱ्याच्या काठावर मित्राने त्याची अशी एक कयाक माझ्यासमोर फुगवली. दोघांची, पंधरा किलोंच्या आसपास वजनाची. पिशवीतून काढून जमिनीवर पसरली तेव्हा ती होडी होईल यावर कुणाचाही विश्वास बसला नसता. मग हातपंपाची नळी झडपेत फिरवून बसवली आणि त्याने दट्ट्या मारायला सुरुवात केली. आधी तळ, मग डावी बाजू, मग उजवी, असा त्याचा क्रम होता. रबराने दोनदा निःश्वास टाकला, कुठेतरी एक कोपरा दचकून उठला आणि हळूहळू तिच्या अंगावरच्या सुरकुत्या जाऊ लागल्या. जी सुरकुती तिच्यावरून गेली ती थोड्या वेळाने मित्राच्या कपाळावर दिसायची. साध्या जातीला दर चौरस इंचाला दोन-तीन पौंड दाब पुरतो. महागड्या जातीत तळाच्या वरच्या आणि खालच्या थराला आतून हजारो धाग्यांनी टाचलेलं असतं, त्यामुळे आठ-दहा पौंडांपर्यंत हवा भरली तरी ती गोल न फुगता फळीसारखी सपाट राहते. स्वभाव मात्र हवेचा तोच हिचा. दुपारी उन्हात हवा प्रसरण पावते म्हणून काठावर ठेवताना थोडी सोडावी लागते आणि पहाटेच्या गारठ्यात ती पुन्हा मऊ पडलेली आढळते. शिवाय पाण्यात फारशी न बुडता वरच्यावर तरंगत असल्यामुळे वारा सुटला की तिला आपलं मत उरत नाही. वल्हवणारा म्हणतो पलीकडची रतनवाडी, वारा म्हणतो धरणाची भिंत.

दुसरं घराणं घड्यांचं. सॅन फ्रान्सिस्कोचे अँटन विलिस नावाचे वास्तुरचनाकार लहान घरात राहायला गेले आणि त्यांच्या कयाकला जागा उरली नाही. त्याच सुमारास कागदाच्या घड्यांच्या जपानी कलेवर एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि पुढे 2012 मध्ये 'ओरू' ही घडीची कयाक बाजारात उतरवायला त्यांनी लोकवर्गणी मागितली. जगातला आणखी एक माणूस माळ्याच्या प्रश्नावरून होडीकडे आला होता, हे वाचून मला बरं वाटलं. ही कयाक पन्हळी प्लास्टिकच्या एका तावाची असते. आपल्याकडे निवडणुकीच्या दिवसांत विजेच्या खांबांवर ज्या हलक्या तावांवर उमेदवार हात जोडून उभे असतात, त्याच कुळातला पण दणकट ताव. घड्या घातल्या की पेटी, उलगडल्या की होडी. सगळं घडीच्या रेघा ओळखण्यावर आहे. माझा लहानपणीचा अनुभव असा, की कागदाची होडी मला यायची, पण मधेच एका टप्प्यावर तिचा बंब व्हायचा आणि तो पुन्हा होडी व्हायला तयार नसायचा. इतक्या किमतीच्या वस्तूने धरणाच्या काठावर मधल्याच टप्प्यावर थांबायचं ठरवलं तर, ही शंका मी भाच्याला बोलून दाखवली नाही.

तिसरं घराणं पाठपिशवीत मावणाऱ्या पॅकराफ्टचं. वजन दोन ते चार किलो. डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचं, नदी लागली की नाव फुगवायची आणि नदी संपली की पुन्हा गुंडाळून पाठीवर टाकायची. अलास्कात शेरी टिंगे यांनी लांब भटकणाऱ्या आपल्या मुलासाठी अशी नाव घरी बेतली आणि त्यातून अल्पाका राफ्ट ही कंपनी उभी राहिली. हे वाचल्यावर मी यंत्राच्या खडखडाटात बसलेली एक आई डोळ्यांसमोर आणू लागलो. मुलगा घराबाहेर पडणारच आहे, तर निदान त्याच्या अंगाखालची शिवण तरी पक्की असावी.

शिवणीवरून लक्षात आलं, की या हलक्या नावांचं मूळ हातोडीत नव्हे, सुईत आहे. जुनी कयाकच घ्या. ग्रीनलंडमध्ये लाकूड उगवत नाही म्हणावं इतकं कमी. समुद्राने वाहून आणलेल्या ओंडक्यांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं चढवायचं. हे कातडं बायका शिवत आणि असं शिवत, की टाक्यातून पाणी आत येऊ नये. माप घेतलं जाई ते शिकाऱ्याच्या अंगाचं. पसरलेल्या दोन हातांच्या तिप्पट लांबी आणि कमरेला दोन मुठी जोडून रुंदी, असा एक रूढ हिशेब सांगतात. म्हणजे कयाक ही वस्तू मुळात अंगरख्याच्या जातीची. शेजाऱ्याला उसनी द्यायची सोय नाही आणि वजन वाढलं तर होडीच पहिल्यांदा बोलून दाखवणार. पुढे 1905 मध्ये म्युनिकच्या आल्फ्रेड हॉयरिश या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने घडीची कयाक बनवून इझार नदीत घातली आणि दोन वर्षांनी तिचे हक्क घेतले ते रोझेनहाइमच्या योहान्स क्लेपर यांनी. क्लेपर शिंपी होते. लाकडी काठ्यांचा सांगाडा, वरून कापड, सगळं दोन पिशव्यांत. बव्हेरियातली माणसं रविवारी होडी खांद्याला लावून आगगाडीत चढू लागली. डब्यात त्या पिशव्यांवरून झालेली वादावादी कुणी लिहून ठेवली असती तर आपल्या लोकलच्या प्रवाशांना ती ओळखीची वाटली असती.

या शिवलेल्या होड्यांनी काय काय केलं! 1932 साली ऑस्कर स्पेक नावाचा एक बेकार जर्मन तरुण उल्मला डॅन्यूब नदीत घडीची कयाक घालून निघाला. सायप्रसला तांब्याच्या खाणीत काम मिळेल एवढाच विचार होता. मग जाता जाता तो पुढेच जात राहिला. इराणचा किनारा, कराची, आपला पश्चिम किनारा, श्रीलंका, ब्रह्मदेश, जावा असं करत 1939 च्या सप्टेंबरात तो ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या सैबाई बेटावर उतरला. तोवर महायुद्ध सुरू झालं होतं, म्हणून तिथल्या पोलिसांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून ताब्यात घेतलं. सात वर्षांत तो जगाच्या इतक्या कडेकडेने गेला होता, की जगाचं मधे काय बिनसलं याच्याशी त्याचा संबंध उरला नव्हता. माझं मन घोटाळतं ते कोकणाच्या किनाऱ्यापाशी. हर्णैच्या किंवा मालवणच्या एखाद्या मासेमाराला पहाटे ही अरुंद, कापडी, एका माणसाची होडी दिसली असेल का? दिसली असेल तर त्याने आधी काय विचारलं असेल? मला वाटतं, "मासळी काय गावली?" असंच.

आणि या शिवणकामाचा कळस म्हणजे ब्रिटिश आरमारातले लेफ्टनंट पीटर हॅल्केट. 1840 च्या दशकात त्यांनी रबर लावलेल्या कापडाचा एक झगा तयार केला. अंगात घातला की झगा, पसरून भात्याने हवा भरली की होडी. हातातल्या काठीला पातं लावलं की वल्हं आणि छत्री उघडली की शीड. थेम्स नदीवर त्यांनी हा प्रयोग करून दाखवला. आरमाराच्या वरिष्ठांनी कळवलं, की कल्पना फार चतुर आहे, संशोधन मोहिमांना उपयोगी पडेल, पण आरमाराच्या रोजच्या कामाची नाही. पुढे जॉन रे यांनी आर्क्टिकच्या मोहिमेत ती खरोखरच वापरली, ही गोष्ट वेगळी. छत्री, काठी आणि रेनकोट घेऊन पावसाळ्यात घराबाहेर पडणारा आपल्याकडचा कुठलाही पेन्शनर पूर्ण सज्ज नाविक आहे, हे मला हॅल्केटमुळे कळलं. आता बसस्टॉपवर असे कुणी आजोबा दिसले की मी त्यांच्याकडे वेगळ्या आदराने पाहतो.

आपल्याकडेही सोबत नेण्याजोग्या नावा होत्याच, फक्त त्यांना कुणी पिशवी शिवली नाही. पाठीला सुका भोपळा बांधून माणसं नदी ओलांडत. कृष्णाकाठच्या माझ्या आजोळी पुराच्या दिवसांत गुऱ्हाळाची काहील पाण्यात घालत. ज्या लोखंडी काहिलीत हिवाळ्यात रस कढायचा, तिच्यातच पावसाळ्यात चार माणसं आणि एखादी शेळी पलीकडे जायची. ती गोल असल्यामुळे तिला पुढचं-मागचं नव्हतं. सरळ जाता जाता ती संथपणे स्वतःभोवती फिरे आणि आतल्या माणसांना सगळं गाव आळीपाळीने दाखवी. आजी सांगायची, की मधोमध असताना तिने आमचं घर पहिल्यांदा नदीकडून पाहिलं. "एवढंसं दिसलं गं बाई," असं ती आईला म्हणे आणि गप्प होई. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून ते तिला एवढंसं कधी वाटलं नव्हतं.

भंडारदऱ्याला मित्र घामाघूम होऊन हवा भरत होता तेव्हा शेजारून एक मासेमार पाण्यातून वर आला. ट्रकची फुगवलेली ट्यूब, तिच्या भोकात दोऱ्यांची वीण, त्यावर बसायला पोतं आणि वल्ह्यांऐवजी दोन्ही हातांत दोन फळकुटं. पहाटे जाळं टाकून तो परतला होता. त्याने आमच्या कयाकभोवती एक फेरी मारली, बोटाने दाबून पाहिली आणि विचारलं, "केवढ्याला?" मित्राने किंमत सांगितली. कुणाच्या घरची वाईट बातमी ऐकावी तशी त्याने मान हलवली. मग म्हणाला, "आन् पंक्चर झाली तर?"

"त्याचं सामान सोबत मिळतं," मित्र म्हणाला.

"आमचं शेंडी गावात काढून मिळतं," असं म्हणून त्याने ट्यूब उचलली, मान आणि एक हात तिच्यातून घातला आणि सत्काराचा भला मोठा हार एका खांद्यावरून घातलेल्या पाहुण्यासारखा तो चढ चढून निघून गेला. 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरण, त्याचा तो अफाट जलाशय, मागे कळसूबाई आणि त्या सगळ्यात होडी अंगात घालून चाललेला तो माणूस. हॅल्केटसाहेबांना फार आनंद झाला असता.

होडी पाण्यातून बाहेर आल्यावर काय करते, हे मात्र कुठल्याच जाहिरातीत दाखवत नाहीत. ती ओली असते. ओली घडी घातली की शिवणींच्या बेचक्यांत बुरशी धरते, खाडीत नेली असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवावी लागते आणि मग वाळवावी लागते. मित्राची कयाक धरणावरून आली की दोन दिवस न्हाणीघरात उभी असते आणि घरातली माणसं आंघोळीला शेजारी जातात. एकदा त्याने ती गच्चीवर नेली. तिथे आधीच कुणाच्या कुरडया पसरलेल्या होत्या. दोन्हीकडच्या मालकांनी कावळे राखायला आळीपाळीने बसावं, असा तह झाला. त्या दुपारी गच्चीवर कयाकच्या सावलीत बसून त्या शेजाऱ्यांशी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच निवांत गप्पा झाल्या, असं मित्र सांगतो. होडीचा हा उपयोग दुकानदाराला ठाऊक नसावा.

राहता राहिला प्रश्न एकाची की दोघांची. हानेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरांनी 1956 साली क्लेपरच्या घडीच्या कयाकमधून एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडला. 72 दिवस लागले, नाव दोनदा उलटली. ती कयाक दोघांची होती आणि दुसऱ्या माणसाच्या जागी सामान होतं. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा तिने सामानाबद्दल काही विचारलं नाही. "त्यांच्या घरी काय म्हणाले?" एवढंच विचारलं.

आम्ही दोघांची भाड्याने घेऊन पाहिली ती देवबागजवळ, कर्लीच्या खाडीत. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून देणारा मुलगा म्हणाला, "काकू पुढे, काका मागे. मागच्यानं पुढच्याचं बघून वल्हं मारायचं. आणि नाव वळवायची ती मागच्यानं." नियम सोपा आहे. पुढचा लय ठरवतो, मागचा दिशा सांभाळतो. पुढच्याला मागे काय चाललंय ते दिसत नाही आणि मागच्याला पुढच्याची पाठ सोडून फारसं काही दिसत नाही. बायको तिच्या मनाला येईल तसं वल्हवत होती, मधेच खारफुटीतला खंड्या पाहायला थांबत होती आणि मी मागे बसून न बोलता नाव सरळ करत होतो. किनाऱ्याला लागल्यावर मी जरा प्रौढीने म्हणालो, "आपला संसार असाच चालला, नाही? तू पुढे आणि मी मागे सांभाळून घेणारा."

ती वल्हं पुसत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "अगंबाई! मला वाटत होतं, मागे मी आहे."

तेव्हा दोघांचीच घ्यायची हे ठरलं. हवेची, पावणेतीन फुटांत मावणारी आणि खुर्च्या काढता-सरकवता येणारी. दुकानातला मुलगा उत्साहाने दाखवत होता, की एक खुर्ची काढून दुसरी मधे सरकवली की एकट्यालाही छान चालवता येते. आम्ही दोघांनी ते ऐकलं आणि रंग कुठले आहेत ते विचारलं. त्याच खुर्च्यांवरून घरी आल्यावर वाटणी झाली. पहिली फेरी भंडारदऱ्याची. सकाळी निघायचं, पलीकडून आपला तंबू पाहायचा आणि संध्याकाळच्या आत परत. जाताना मागे ती, येताना मागे मी. वाटणी अगदी न्यायाची दिसली, म्हणून मी लगेच हो म्हटलं. तिथे वारा दुपारनंतर सुटतो, हे तिला माझ्याआधी आठवलं होतं.